लायसन्स परदेशी, भांडवल आपलं: एका गेमर दुकानदाराचा हिशेब



मागच्या आठवड्यात सिंदी मेघेच्या माझ्या दुकानात एक पोरगा आला. चहा-नाश्त्याची गाडी टाकायची म्हणून मुद्रा लोनचं विचारायला आला होता. बोलता बोलता म्हणाला, "दादा, मायाजवळ 40 हजार आहे, गाडीले 80 लागते. ऑनलाइन कॅसिनोत दुप्पट करून घेतो ना! साईट इंटरनॅशनल लायसन्सवाली आहे, फ्रॉड नाही."

मी हसलो नाही. कारण 2021 मध्ये मी स्वतः हेच केलं होतं. दिवाळीच्या मालासाठी ठेवलेले 42 हजार नऊ दिवसांत गेले. त्या दिवाळीत काउंटरमागची अर्धी भिंत रिकामी होती. गिऱ्हाईक कव्हर मागायचं आणि मी "उद्या येतंय" म्हणायचो. घरी सांगायला मला दोन महिने लागले.

म्हणून या आठवड्याच्या व्हिडिओत जे बोललो, ते इथे हिशेबासकट लिहितोय.

गेमर म्हणून मी कुठे फसलो?

पबजीत मी रात्री जागवल्या आहेत. तिथे नियम साधा: सराव केला की हात बसतो, मॅप पाठ होतो, तुम्ही सुधारता. मला वाटलं, इथेही तसंच. पण कॅसिनोत सरावाला किंमत नाही. युरोपियन रूलेटमध्ये 37 घरं असतात. एका आकड्यावर लावलं आणि लागलं, तर 35 पट मिळतात. 37 घरं आणि 35 पट, या फरकातच मालकाचा नफा आहे. शंभर रुपये लावले की सरासरी 2 रुपये 70 पैसे त्याचे. तुम्ही पहिल्यांदा खेळा नाहीतर हजाराव्यांदा, आकडा तोच. मागच्या डावात काय झालं हे चेंडूला आठवत नाही.

ग्राफिक्स, आवाज, लेव्हल, रोजचं बक्षीस हे सगळं गेमिंगमधून घेतलेलं आहे. फक्त जिंकायची कला तेवढी काढून टाकली आहे.

मग लायसन्सचं काय?

लायसन्स खोटंच असतं असं नाही. क्युरासाओ नावाचं व्हेनेझुएलाजवळचं छोटं बेट आहे. तिथे कितीतरी वर्षं चारच मास्टर लायसन्सवाले होते आणि त्यांच्या हाताखाली शेकडो साईट चालायच्या. डिसेंबर 2024 मध्ये तिथे नवा, जास्त कडक कायदा आला. माल्टा आणि ब्रिटनचे नियामक त्याआधीपासूनच कडक समजले जातात.

पण दुकानदाराच्या डोक्याने विचार करा. तुमचा गुमास्ता सिंदी मेघेच्या दुकानाचा आहे. तो दाखवून दुबईत शटर उघडता येईल का? तसंच हे. परदेशी परवान्याने भारतात धंदा कायदेशीर होत नाही. आणि पैसे अडकले तर तक्रार कुठे? वर्ध्याच्या ग्राहक मंचातून त्या बेटावरच्या कंपनीला नोटीस काढून पैसे कधी परत यायचे?

शिवाय सगळ्यात प्रामाणिक लायसन्ससुद्धा एवढंच सांगतं की खेळ ठरलेल्या गणिताने चालतो. ते गणित मालकाच्या बाजूचं आहे, हे त्यात गृहीतच आहे.

पैसा फिरतो तेव्हा

आता मुख्य मुद्दा. धंद्यात आपण काय शिकतो? माल विका, पैसा फिरवा.

10 हजारांचा माल घेतला. खर्च जाऊन 4 टक्के सुटले. सगळी रक्कम परत मालात घातली आणि असं 10 वेळा केलं, तर झाले सुमारे 14,800.

आता तेच 10 हजार 96 टक्के परतावा सांगणाऱ्या स्लॉटमध्ये 10 वेळा फिरवा. सरासरीने उरले सुमारे 6,650. आणखी 10 वेळा फिरवले तर 4,400.

टक्के तेच, 4. दुकानात प्रत्येक फेरा तुमच्या खिशात टाकतो, तिथे प्रत्येक फेरा काढून घेतो. एखादा दिवस जिंकाल, मीही जिंकलो होतो. पण जिंकलेला माणूस थांबत नाही, तो अजून फेरे मारतो.

बोनसचंही तेच. मला 10 हजारांवर 10 हजार बोनस मिळाला. अट होती, बोनसच्या 30 पट खेळा, मगच पैसे काढा. म्हणजे 3 लाखांचे डाव. त्याचे 4 टक्के झाले 12 हजार. बोनसपेक्षा जास्त! ही अट मी हरल्यानंतर वाचली.

आपल्याकडचा कायदा

महाराष्ट्रात 1976 चा कॅसिनो कायदा कधी अंमलातच आला नाही. तो 2023 मध्ये रद्द झाला. गोव्यात मांडवीत कॅसिनोची जहाजं आहेत, पण 2020 पासून स्थानिकांना तिथे जुगार खेळायला बंदी आहे. ज्यांना त्यातून महसूल मिळतो, त्यांनीच आपल्या माणसांना लांब ठेवलं, हे लक्षात घ्या.

22 ऑगस्ट 2025 ला ऑनलाइन गेमिंगच्या केंद्रीय कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ चालवणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 कोटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जाहिरात करणाऱ्याला 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 50 लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. साईट परदेशातून चालत असली तरीही. ई-स्पोर्ट्सला मात्र याच कायद्यात प्रोत्साहन आहे. म्हणजे खऱ्या गेमरचा रस्ता बंद नाही.

बंदी आहे म्हणून मिळत नाही असं नाही. आपला जिल्हा दारूबंदीचा आहे, तुम्हाला जास्त काय सांगू! जुलै 2023 मध्ये नागपूरच्या एका व्यापाऱ्याचे ऑनलाइन जुगारात 58 कोटी गेल्याचं प्रकरण गाजलं. पोलिसांनी गोंदियात छापा टाकला, तेव्हा कोट्यवधींची रोकड आणि किलोने सोनं सापडलं. तो माणूस व्यापारी होता, हिशेब त्यालाही येत होता.

नव्या उद्योजकांनो, हे पाळा

1. करंट अकाउंट, क्यूआर कोड किंवा सिम कोणालाही "कमिशनवर" वापरायला देऊ नका. असा पैसा अशाच खात्यांतून फिरतो. तक्रार झाली की खातं गोठतं आणि पोलीस तुमच्या दारात येतात.
2. दुकानाचा पैसा आणि घरचा पैसा वेगळ्या खात्यात ठेवा. मी ठेवला असता, तर तो माल आला असता.
3. रेफरल लिंक व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला टाकू नका. ती जाहिरात ठरू शकते.
4. फसलात तर लगेच 1930 वर फोन करा. लाजेपायी थांबू नका. जेवढा उशीर, तेवढी पैसे अडवता येण्याची शक्यता कमी.
5. गेलेले पैसे "वसूल" करायला परत जाऊ नका. माझे 42 पैकी 30 हजार वसुलीच्या नादात गेले.

त्या पोराला मी कागदावर हिशेब मांडून दिला: 40 हजारांत जुनी गाडी, शेगडी, भांडी आणि पहिल्या आठवड्याचा किराणा. मेनूवर फक्त चहा, पोहे, तर्री. लोन नंतर. त्याने कागद घडी करून खिशात ठेवला. साईट डिलीट केली की नाही, मी विचारलं नाही.

तुमच्याकडेही असे 40 हजार असतील, तर आज संध्याकाळी असाच एक कागद मांडा. पैसा फिरवायचाच आहे ना? मग अशा ठिकाणी फिरवा, जिथे प्रत्येक फेऱ्याला गल्ला वाढतो.

भेटू पुढच्या व्हिडिओत!