गिळलेल्या बाह्यवस्तू आणि अर्बुदाचा आभास

पोटात गाठ आढळताच कर्करोगाची शंका येते आणि ती रास्तही असते. परंतु काही गाठींच्या मुळाशी माशाचा काटा, दात कोरण्याची काडी किंवा कोंबडीच्या हाडाची कपच यांसारखी नकळत गिळलेली वस्तू असते, ही बाब बरीच दुर्लक्षित आहे.

गिळलेल्या वस्तूंपैकी सुमारे ८० ते ९० टक्के वस्तू विनाअपाय मलावाटे बाहेर पडतात. टोकदार वस्तू मात्र आतड्याच्या अरुंद वा वळणाच्या जागी, विशेषतः लहान आतडे मोठ्या आतड्यास मिळते तेथे, अडकून भिंत हळूहळू भेदू शकते. छिद्र सूक्ष्म असल्याने पू एकदम पोटभर पसरत नाही. शेजारची आतडी व त्यांवरील मेदाचा पडदा त्या जागेस चिकटतात, तंतुमय ऊतक वाढते आणि काही आठवड्यांनी वा महिन्यांनी हातास कठीण गाठ लागते. सोबत बारीक ताप व वजनातील घट असल्यास चित्र हुबेहूब अर्बुदाचे दिसते. जठराची भिंत भेदून काटा यकृताच्या डाव्या खंडात शिरल्याच्या व तेथे गळू झाल्याच्या नोंदीही वैद्यकीय साहित्यात आहेत.

वर्धा जिल्ह्यासारख्या भागात निदानाचा पेच आणखी वाढतो. पोटाच्या उजव्या खालच्या बाजूची गाठ म्हणजे आतड्याचा क्षय किंवा कर्करोग, असा विचार येथे साहजिकच प्रथम होतो. तिसरी शक्यता मनात येत नाही. परिणामी रुग्णास सहा महिने क्षयाची औषधे विनाकारण घ्यावी लागण्याचा किंवा आतड्याचा मोठा भाग गमावण्याचा धोका असतो. सेवाग्राम येथे १९६९ मध्ये महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था स्थापन झाली. ती व सावंगी (मेघे) येथील आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय यांमुळे तज्ज्ञ उपचार जिल्ह्यातच मिळतात. तथापि, केवळ यंत्राने हा प्रश्न सुटत नाही. लाकडाची काडी व कवळीचे प्लास्टिक साध्या क्ष-किरण चित्रात दिसत नाही, माशाचा काटाही पुष्कळदा दिसत नाही. सी. टी. स्कॅनमध्ये काटा बारीक पांढऱ्या रेषेसारखा उमटतो. पण शंका कळविलेली नसल्यास ती रेष रक्तवाहिनी समजून सोडून दिली जाऊ शकते.

रुग्णास विचारावे, तर त्यास काही आठवत नाही. कवळीने टाळू झाकला गेल्याने घासातील काटा जाणवतच नाही, आणि जाणवला तरी महिन्यापूर्वीचे जेवण कोणाच्या स्मरणात राहते?

वस्तू काढून, पू वाहून जाऊ देऊन व प्रतिजैविके देऊन यांपैकी बहुतेक गाठी विरतात. तरीही काटा सापडला म्हणून ऊतकाची तपासणी टाळता येत नाही; कारण कर्करोगाने आधीच अरुंद झालेल्या आतड्यातही काटा अडकू शकतो.