सायकल एक, नियम अनेक

उन्हाळ्याची सुटी जवळ आली की वर्गात भारतातल्या बेतांच्या गप्पा सुरू होतात. कुणी पुण्याला, कुणी नागपूरला, कुणी सावंतवाडीला जाणार असतो. तिकडे मामेभावाची नाहीतर शेजारच्या दादाची सायकल वाट पाहतच असते. मग प्रश्न येतो, "तिकडे सायकलीचे नियम काय आहेत?" बालमित्रांनो, याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. भारतात सायकलीचे नियम राज्याराज्यांत, कधी कधी शहराशहरांतही बदलतात. असे का, ते या अंकात पाहू.

मोटार, स्कूटर, ट्रक यांच्यासाठी साऱ्या देशाला एकच कायदा आहे, 1988 चा मोटार वाहन कायदा. सायकल त्यात बसत नाही, कारण तिला इंजिन नाही. भारताच्या राज्यघटनेत सातवी अनुसूची म्हणून एक भाग आहे. कोणत्या विषयावर कायदा कोणी करायचा, याच्या तीन याद्या त्यात दिल्या आहेत: केंद्राची, राज्यांची आणि दोघांची मिळून. यंत्राच्या बळावर चालणारी वाहने दोघांच्या यादीत आहेत. यंत्राशिवाय चालणारी वाहने मात्र राज्यांच्या यादीत टाकलेली आहेत. म्हणजे बैलगाडी, टांगा, हातगाडी आणि तुमची चकाचक गिअरची सायकल ही सगळी मंडळी कायद्याच्या दृष्टीने एकाच पंगतीत बसतात!

म्हणूनच सायकलीला लायसेन्स लागत नाही, आणि मोटारसायकलवाल्याला हेल्मेटची सक्ती करणारे या कायद्याचे 129 वे कलम सायकलवाल्याला लागू होत नाही. (आई-बाबांची सक्ती लागू होते. ती कोणत्याच यादीत नाही, पण सगळ्यांत कडक आहे.)

महाराष्ट्रात रस्त्यावरच्या रहदारीचे नियम करण्याचा अधिकार 1951 च्या पोलीस कायद्याने पोलीस आयुक्तांना दिला आहे. वाहनाला दिवे किती, कुठे आणि कोणत्या वेळेत लावायचे, हेही त्यांनी ठरवायचे. पुणे हे एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. त्या काळी तिथे राहिलेल्या कोणत्याही आजोबांना विचारा. संध्याकाळी डायनामो बिघडला किंवा मित्राला डबलसीट घेतले आणि चौकात पोलीसमामा उभे दिसले की काय गंमत व्हायची, ते अगदी रंगवून सांगतील.

कराचेही तसेच. वाहनांवर, मग ती यंत्राची असोत वा बिनयंत्राची, कर बसवण्याचा अधिकार राज्यांकडे आहे. त्यातून अनेक नगरपालिका सायकलीवर वर्षाचा कर घेत आणि भरल्याची खूण म्हणून एक बिल्ला देत. तो सायकलीला लावून हिंडायचे. जुन्या घरात अडगळीच्या डब्यात असा बिल्ला सापडला तर टाकू नका, वर्गात दाखवायला आणा.

सगळ्यात मोठा फरक दिसतो तो कोलकात्यात. तिथल्या पोलिसांनी 2008 मध्ये काही मोठ्या रस्त्यांवर सायकलींना बंदी केली आणि 2013 मध्ये ती यादी 174 रस्त्यांपर्यंत वाढवली. दूधवाले, पेपरवाले, छोटे कारागीर यांची रोजीरोटी सायकलीवर चालते. त्यांचे फार हाल झाले, पुष्कळ विरोधही झाला, आणि पुढे ही यादी कमी करावी लागली. 2020 मध्ये कोविडच्या काळात बस-लोकल बंद पडल्या तेव्हा काही रस्त्यांवर सायकलींना पुन्हा वाट मिळाली. गंमत अशी की त्याच पश्चिम बंगाल राज्याने 2015 पासून नववी ते बारावीच्या मुलांना शाळेत जायला सायकली वाटल्या. एक हात सायकल देतो, दुसरा अडवतो. आम्हाला हे काही पटत नाही. गर्दी होते ती मोटारींमुळे, आणि उतरायचे सायकलवाल्याने!

महाराष्ट्रातही सायकलीला बंद असलेले रस्ते आहेत. 2002 मध्ये पूर्ण झालेला मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि 2009 मध्ये सुरू झालेला वांद्रे-वरळी सागरी सेतू, दोन्हीकडे सायकल न्यायची नाही. तिथली वाहने इतक्या वेगाने जातात की ही बंदी योग्यच म्हणावी लागेल. पुण्याला सायकलने जाणारे हौशी लोक खोपोलीहून जुन्या रस्त्याने, शिंग्रोबाच्या देवळावरून घाट चढतात.

एक नियम मात्र काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत सारखा आहे: डावीकडून चालायचे. गोव्यातही तेच, आणि त्याची कथा मजेची आहे. गोव्यावर पोर्तुगालचे राज्य होते. पोर्तुगालने 1928 मध्ये आपली वाहतूक उजवीकडे नेली, पण गोवा डावीकडेच ठेवला, कारण शेजारचा सगळा मुलूख डावीकडून चालणारा. त्यामुळे 1961 मध्ये गोवा भारतात आला तेव्हा बांद्याहून पत्रादेवीला जाणाऱ्याला बाजू बदलावी लागली नाही. बहरीनने याच कारणासाठी उलटे केले. इथेही पूर्वी डावीकडून वाहतूक होती. आजूबाजूचे देश उजवीकडून चालणारे, म्हणून 1967 मध्ये बहरीनही उजवीकडे गेले. 1986 मध्ये आपल्या जनाबियाजवळून सौदीला जाणारा कॉजवे सुरू झाला, तेव्हा ते सोयीचेच पडले.

पालकांनी खरी काळजी घ्यायची ती इथेच. जनाबियात वाढलेले मूल रस्ता ओलांडताना आधी डावीकडे पाहते, कारण जवळच्या बाजूची गाडी तिकडून येते. पुण्यात ती उजवीकडून येते. मुलाला हे सांगून कळते, पण मान मात्र सवयीने वळते. म्हणून पहिले दोन दिवस सायकल न देता मुलांना बरोबर घेऊन पायीच हिंडा आणि प्रत्येक वळणावर "आता गाडी कुठून येणार?" असे विचारा. चौकातले सर्कलही तिथे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरायचे असते, इथे त्याच्या उलट. उजवीकडे वळताना तर समोरून येणाऱ्यांना आडवे जावे लागते. तिथे लहानांनी उतरून, सायकल हातात धरूनच ओलांडावे.

आणि ब्रेक! भारतातल्या बहुतेक सायकलींना उजव्या हाताचा ब्रेक पुढच्या चाकाचा असतो. इथे दुकानात मिळणाऱ्या काही सायकलींना तो डाव्या हाताला असतो. पुढचा ब्रेक एकदम दाबला तर सायकलवरून पुढे फेकले जायची भीती असते. भावाची सायकल घेतल्यावर आधी अंगणात हळू चालवून दोन्ही ब्रेक एकेक करून दाबून पाहा, मगच फाटकाबाहेर काढा.