गार्ड पडण्यासाठी असतात

नवीन बॅचचे पालक हमखास विचारतात, "मॅडम, गार्ड कुठल्या कंपनीचे घ्यायचे?" मी पुण्यात मुलांना स्केटिंग शिकवते. मला त्याआधी विचारायचं असतं की मूल सराव कुठे करणार. उत्तर बहुधा एकच येतं: "सोसायटीबाहेरच्या रस्त्यावर. सकाळी सहाला तो रिकामाच असतो हो."

रिकाम्या रस्त्याचीच मला धास्ती. दुपारच्या गर्दीत रांगणारा टेम्पो सकाळी त्याच रस्त्यावर सुसाट जातो.

गार्ड घालाच, त्यात दुमत नाही. स्केटिंगमध्ये सगळ्यात जास्त मार लागतो तो मनगटाला, कारण पडताना हात आपोआप पुढे जातो. जखमी इनलाइन स्केटर्सवरचा एक अमेरिकी अभ्यास 1996 साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला होता. मनगटाचे गार्ड न घालणाऱ्यांना मनगटाच्या दुखापतीची शक्यता सुमारे दहापट दिसली. पण हा सगळा हिशेब स्वतःहून पडण्याचा आहे.

हेल्मेटचंही तेच. सायकल आणि स्केटिंगच्या हेल्मेटसाठी युरोपात ईएन 1078 हे मानक आहे. त्यात हेल्मेट सपाट पृष्ठभागावर आदळवतात तो वेग असतो ताशी साधारण साडेएकोणीस किलोमीटर, म्हणजे दीड मीटरवरून खाली पडण्याइतका. ताशी 50 किलोमीटरने येणाऱ्या मोटारीचा मार त्या चाचणीत धरलेलाच नाही. शिवाय वेग 30 वरून 50 झाला, की धडकेतली ऊर्जा पावणेतीन पट होते. चालकाचा पाय ब्रेकवर जायला एक सेकंद लागला, तर 50 च्या वेगातली गाडी तेवढ्यात 14 मीटर पुढे आलेली असते.

धडक बसते तेव्हा काय होतं? मोठ्या माणसाच्या नडगीला किंवा गुडघ्याला बंपर लागतो, लहान मुलाच्या मांडीला. मग बॉनेट पोटावर किंवा छातीवर आपटतं. त्यानंतर मूल फेकलं जातं आणि डोकं रस्त्यावर आदळतं. मांडीचं हाड, पोट-छाती आणि डोकं या तीन दुखापती मुलांमध्ये एकत्र दिसू शकतात. डॉक्टर त्याला 'वॅडेल ट्रायड' म्हणतात. उंच नाकाच्या एसयूव्हीचा मार तर लहानग्याच्या थेट छातीला किंवा डोक्याला बसतो. स्केटरचं आणखी एक दुखणं म्हणजे पायाखाली चाकं. चालणारा माणूस झटकन मागे उडी मारतो, तसा पाय रोवता येत नाही. स्पीड स्केट्सना तर टाचेचा ब्रेकही नसतो.

चालकाचाही अंदाज चुकतो. कडेने जाणारं मूल त्याला पादचारी वाटतं. पण स्केटर ताशी वीसच्या वेगाने सहज जातो आणि प्रत्येक ढकलीला त्याचा पाय बाजूला फेकला जातो. त्याला सायकलवाल्यापेक्षा जास्त रुंदी लागते. बारीक खडी किंवा झाकणाची कड लागली, की तो क्षणात लेनच्या मध्यावर येतो.

हे फक्त नवशिक्यांच्या बाबतीत घडतं असं नाही. 2022 साली केरळचा एक तरुण कन्याकुमारीहून काश्मीरकडे स्केटबोर्डवर निघाला होता. बराचसा देश पार करून तो हरियाणापर्यंत पोहोचला आणि तिथे ट्रकच्या धडकेत त्याचा जीव गेला.

अपघात झालाच, तर आधी 108 ला फोन करा. मुलाला उठवून बसवू नका, मान हलू देऊ नका. श्वास अडत नसेल तर हेल्मेट काढू नका, आणि बूट ओढून तर मुळीच काढू नका, आत हाड मोडलेलं असू शकतं. रक्त वाहत असेल तिथे स्वच्छ कापड दाबून धरा. मूल उठून चालायला लागलं तरी दवाखान्यात न्याच, पोटातला रक्तस्राव बाहेरून दिसत नाही. मदत करणाऱ्याने पोलिसांना घाबरायचं कारण नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 134 अ मध्ये त्याला संरक्षण आहे.

2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताच्या मुलींनी आणि मुलांनी स्पीड स्केटिंगच्या रिलेत कांस्यपदकं मिळवली. खेळाकडे मुलांचा ओढा आहे, पण रिंक मोजक्याच. म्हणून माझा आग्रह असतो की नवशिक्यांना सोसायटीचं पार्किंग द्या. तासभर चार गाड्या बाहेर काढल्या तरी भागतं. शाळेचं सिमेंटचं मैदान किंवा बंद बास्केटबॉल कोर्टही चालतं. जरा मोठ्या मुलांसाठी पालकांनी एकत्र येऊन नगरसेवकाकडे रिंकचा अर्ज द्यावा.

"मग रोड रेसचा सराव कुठे करायचा?" असं मोठी मुलं विचारतात. शर्यतीत करतात तसाच, हे माझं उत्तर. रोड रेस असली, की रस्ता वाहनांसाठी बंद करतात, वळणावर माणूस उभा करतात आणि मगच शर्यत सुटते. पदकासाठी जी काळजी घेतो, तीच मंगळवारच्या सरावालाही घ्यायची. ते जमत नसेल, त्या दिवशी माझी बॅच पार्किंगमध्येच गोल फिरते.