नहर न खोदता

पायाची धमनी अरुंद होऊ लागते तेव्हा तक्रार पोटरीची असते. दोनशे-तीनशे पावले चालले की पोटरीत गोळा येतो, जरा उभे राहिले की सुटतो, आणि पुन्हा तेवढेच चालले की परत येतो. हे गणित इतके पक्के असते की छत्रपती संभाजीनगरात औरंगपुऱ्याहून गुलमंडीला जाताना कोणत्या दुकानापाशी थांबावे लागणार हे रोग्याला आधीच ठाऊक असते. बसल्याजागी स्नायूंना लागणारे रक्त अरुंद धमनीतूनही पुरते; चालताना मागणी कितीतरी पटींनी वाढते आणि पुरवठा तोकडा पडतो. रोग वाढला की दुखणे रात्रीही सतावते, पाय खाटेखाली लोंबता सोडला तरच डोळा लागतो, आणि शेवटी अंगठ्याचे टोक काळे पडते. मराठवाड्यातले कितीतरी रोगी इथवर आल्यावरच घाटी रुग्णालयाची वाट धरतात.

छत्रपती संभाजीनगरात या रोगाचे चित्र जमिनीखाली काढून ठेवलेले आहे. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला शहरासाठी नहर बांधली. पाणचक्कीला पाणी देणारी वेगळी नहर नंतर झाली. डोंगरातले पाणी जमिनीखालून, उताराच्या जोरावर येते. चक्की मंदावली तर दोष चक्कीत असेलच असे नाही. वाटेत कुठेतरी झाडाची मुळे घुसलेली असतात, गाळ बसलेला असतो. तो शोधायला सगळी वाट उकरावी लागत नाही. अंबरच्या नहरीला ठिकठिकाणी उतरायची तोंडे आहेत. तिथून आत शिरायचे आणि पाण्याच्याच वाटेने अडथळ्यापर्यंत जायचे. धमन्यांचे आजचे बिनटाक्याचे उपचार या एकाच युक्तीवर उभे आहेत.

वाट थोडीशी मोकळी झाली तरी फरक फार पडतो. झाँ प्वाझय हा पॅरिसचा डॉक्टर १८४०च्या सुमारास केसासारख्या बारीक काचनळ्यांतून पाणी सोडून मोजमाप करत होता. नळीतला प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घातावर ठरतो, हे त्याने दाखवले. त्रिज्या निम्मी झाली तर प्रवाह सोळावा हिस्सा उरतो. रक्तवाहिनी काचेची नसते आणि आजूबाजूच्या लहान वाहिन्या थोडा भार उचलतात, म्हणून शरीरात हे गणित तंतोतंत उतरत नाही. तरीही एखाद्या मिलिमीटरने वाट रुंदावली की थंड पडलेला पाय ऊबदार का होतो, याचे उत्तर त्या काचनळ्यांत आहे.

आत शिरायचे धाडस पहिल्यांदा केले ते वेर्नर फोर्समान या तरुण जर्मन डॉक्टरने. १९२९मध्ये त्याने स्वतःच्या दंडाच्या शिरेतून मूत्रमार्गाची नळी हृदयापर्यंत सरकवली आणि तशीच आत ठेवून तो चालत एक्स-रे विभागात गेला. त्याला नोबेल मिळाले १९५६मध्ये. त्याच वर्षी घाटीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. दरम्यान, १९५३मध्ये स्वीडनच्या स्वेन-इवार सेल्डिंगर यांनी आत शिरायची साधी रीत शोधली होती. सुई टोचायची, सुईतून तार सोडायची, सुई काढून घ्यायची आणि तारेवरून नळी सरकवायची. धमनी कापून उघडी करायची गरज संपली. संभाजीनगरच्या कॅथलॅबमध्ये आजही प्रत्येक प्रक्रियेची सुरुवात अशीच होते.

पण या शाखेचा खरा जनक चार्ल्स डॉटर, आणि त्याचे नाव आज फारसे कोणाला ठाऊक नाही ही मोठी खंत आहे. डॉटर अमेरिकेतल्या पोर्टलंडचा क्ष-किरणतज्ज्ञ. तोवर क्ष-किरणतज्ज्ञाने चित्र काढून द्यायचे आणि दुरुस्ती सर्जनने करायची, अशी वाटणी होती. एका सर्जनने तर त्याला चिठ्ठीवर लिहून बजावले होते की चित्र काढ, पण दुरुस्त करायला जाऊ नकोस. १६ जानेवारी १९६४ रोजी त्याच्यासमोर ८२ वर्षांची एक बाई होती. बोटे सडलेली, जखम भरत नव्हती, सर्जन पाय कापायला सांगत होते आणि बाई ठाम नकार देत होती. मांडीच्या धमनीत एक छोटी अरुंद जागा होती. डॉटरने तिच्यातून तार पार केली आणि तारेवरून आधी बारीक, मग जाड अशा निमुळत्या नळ्या सरकवल्या. ना भूल, ना मोठी चीर. काही मिनिटांत पाय गरम झाला. बाई पुढे जवळजवळ तीन वर्षे जगली, ती स्वतःच्या पायांवर चालत.

डॉटर आपल्या तारा गिटारच्या तारांपासून आणि मोटारीच्या स्पीडोमीटरच्या केबलपासून बनवून पाहत असे. अमेरिकन सर्जनांनी त्याला वेड्यात काढले, युरोपने मात्र रीत उचलली. डच भाषेत अँजिओप्लास्टीला अजूनही 'डॉटेरेन' म्हणतात. झुरिकच्या आंद्रेयास ग्रुंट्झिग यांनी घरातल्या स्वयंपाकघराच्या टेबलावर फुगे घडवले, १९७४मध्ये तो फुगा पायाच्या धमनीत वापरला आणि १९७७मध्ये हृदयाच्या. म्हणजे आज घराघरांत 'हार्टची अँजिओ' म्हणून माहीत असलेला उपचार आधी पायात जन्मला. डॉटरचे नाव १९७८मध्ये नोबेलसाठी सुचवले गेले होते, पारितोषिक मिळाले नाही. डॉटर आणि ग्रुंट्झिग दोघेही १९८५मध्ये गेले.

प्रक्रिया जवळून पाहिली तर तिच्यातली नजाकत कळते. जांघेत बधिरीकरणाचे इंजेक्शन, मग सुई. दोन-अडीच मिलिमीटरची नळी आत बसते. तार मिलिमीटरभराहूनही बारीक. गुडघ्याखालच्या धमन्यांसाठी तर ०.३६ मिलिमीटरची. आयोडीनयुक्त द्रव सोडला की पडद्यावर धमन्यांचे झाड काळे उमटते आणि जिथे फांदी तुटलेली दिसते तिथे अडथळा. डॉक्टरांच्या दोन बोटांत तारेचे बाहेरचे टोक असते. ते चिमटीत फिरवत आतले टोक अडथळ्यातून सरकवायचे, यातच बहुतेक वेळ जातो. तार पार झाली की फुगा नेऊन आठ-दहा वातावरणांचा दाब द्यायचा, म्हणजे मोटारीच्या टायरच्या चौपट-पाचपट. मिनिट-दोन मिनिटांनी फुगा उतरवून पुन्हा चित्र काढतात.

नहरीची उपमा इथे अपुरी पडते. खापराचा नळ निर्जीव असतो, धमनीची भिंत जिवंत. फुग्याने तिच्या आतल्या थराला चिरा पडतात, त्या भरताना व्रणाची ऊती वाढते आणि कधी कधी काही महिन्यांत वाट पुन्हा अरुंद होते. म्हणून जाळी, म्हणजे स्टेंट, बसवतात. पायातल्या जाळीची परीक्षा कठीण असते, कारण पाय वाकतो, पिळतो, दबतो. त्यासाठी निकेल-टायटॅनियमचा 'निटिनॉल' हा मूळ आकारात परत येणारा मिश्रधातू वापरतात. तरी गुडघ्यामागच्या वाकणाऱ्या जागी जाळी मोडू शकते, म्हणून तिथे ती टाळण्याकडेच कल असतो.

बिनटाक्याचा उपचार नेहमीच सरस असतो, हा समज मात्र चाचण्यांत टिकत नाही. २०२२च्या बेस्ट-सीएलआय चाचणीत पायातलीच चांगली शीर उपलब्ध असलेल्या रोग्यांना बायपास शस्त्रक्रिया अधिक लाभली; पुढच्याच वर्षी बॅसिल-२ चाचणीत गुडघ्याखालच्या रोगासाठी फुग्याचे पारडे जड ठरले. आणि ज्यांना फक्त चालताना गोळा येतो त्यांच्यासाठी पहिला उपचार तंबाखू सोडणे आणि देखरेखीखाली रोज चालणे हाच आहे. २०१२च्या क्लेव्हर चाचणीत चालण्याचा व्यायाम करणारे सहा महिन्यांनी स्टेंटवाल्यांपेक्षा जास्त वेळ चालू शकले. बिडी-सिगारेट ओढणाऱ्या तरुणांच्या बोटांपर्यंतच्या बारीक धमन्या बंद करणाऱ्या बर्गर रोगात तर फुग्याला फार वाव नसतो. बिडी सुटली तरच पाय वाचतो.

मधुमेह्याच्या काळ्या पडलेल्या अंगठ्याची गोष्ट वेगळी. तिथे उशीर म्हणजे पाय जाणे. पाय कापायचा निर्णय होण्याआधी धमन्यांचे चित्र निघालेच पाहिजे, आणि त्याआधीची तपासणी तर फुकट आहे: पावलाच्या पाठीवर बोट ठेवून ठोका लागतो का ते पाहणे. घोट्याचा रक्तदाब भागिले दंडाचा रक्तदाब ०.९पेक्षा कमी आला तर धमनीत दोष आहे. मधुमेहात धमन्या कडक झाल्यामुळे हा आकडा फसवा मोठा येऊ शकतो, एवढे ध्यानात ठेवायचे. खर्चाच्या बाबतीतही पाय मागेच राहिला. फेब्रुवारी २०१७मध्ये केंद्राने औषधयुक्त स्टेंटची किंमत २९,६०० रुपयांवर आणली, पण ती हृदयाच्या स्टेंटची. पायाच्या जाळीला ती मर्यादा लागू झाली नाही. त्यामुळे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसारखा आधार पायाच्या रोग्याला अधिकच मोलाचा.

शिरांच्या बाबतीत उद्देश उलटा असतो. धमनी उघडायची, तर बिघडलेली शीर बंद करायची. पायातले रक्त वर चढते ते पोटरीच्या पिळण्याने, आणि झडपा त्याला खाली घसरू देत नाहीत. आनुवंशिकता, बाळंतपणे आणि तासन्‌तास उभ्याचे काम यांच्या भाराने झडपा निकामी होतात. शिक्षक, वाहतूक पोलीस, वाळूजच्या कारखान्यांत लाइनवर उभे राहणारे कामगार यांच्या पायांवर निळ्या वेटोळ्यांच्या गाठी दिसतात त्या यामुळे. पुढे घोट्याच्या आतल्या बाजूला कातडी काळवंडते आणि न भरणारी जखम होते.

पूर्वी जांघेत चीर देऊन ती शीर ओढून काढत. आता सोनोग्राफीत पाहत गुडघ्याजवळ सुई टोचतात आणि लेझरचा तंतू किंवा रेडिओलहरींची नळी जांघेपर्यंत नेतात. खोल शिरेशी संगम होतो त्याच्या दोन सेंटिमीटर अलीकडे थांबायचे, ही लक्ष्मणरेषा. उष्णता पुढे गेली तर खोल शिरेत गुठळीचा धोका. शिरेभोवती बधिर करणारे खारे पाणी भरतात, त्याने कातडी आणि मज्जातंतू भाजत नाहीत. रेडिओलहरींची नळी सात सेंटिमीटरचा तुकडा २० सेकंद १२० अंशांवर तापवते, मग नळी खाली ओढून पुढचा तुकडा. रक्त खोल शिरांनी वर जाते, म्हणून त्या मोकळ्या आहेत ना हे डॉपलर सोनोग्राफीने आधी पाहणे अटळ. जाहिरातींत लेझरचा गाजावाजा फार असतो; कातडीवर दिसणाऱ्या प्रत्येक कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषेला त्याची गरज नसते.

रोगी तासाभरात चालत घरी जातो, काही दिवस घट्ट मोजे घालतो. आठवड्याने पुन्हा डॉपलर करतात तेव्हा ती शीर जाड दोरीसारखी दिसते, यंत्राने दाबली तरी दबत नाही. महिन्यामहिन्याने दोरी बारीक होत जाते आणि साधारण वर्षभराने सोनोग्राफीत ती शोधूनही सापडत नाही.