प्राचार्य व्हायचे आहे? मग पीएच.डी.चे गणित आधी समजून घ्या

केदारखेडा (ता. भोकरदन, जि. जालना) आणि परिसरातील अनेक तरुण नेट-सेट उत्तीर्ण होऊन महाविद्यालयांत शिकवत आहेत. त्यातील काहींचे लक्ष्य प्राचार्यपदाचे असते. अमेरिकेत कम्युनिटी कॉलेज चालवणाऱ्यांसाठी 'नेतृत्व' याच विषयात डॉक्टरेट मिळते. आपल्याकडे वाट वेगळी आहे. पीएच.डी. सक्तीची आहे, पण ती कधी केली आणि नोकरीत राहून केली की नोकरी नसताना, यावर पुढची सगळी वर्षे अवलंबून असतात.

प्राचार्यपदासाठी काय लागते?

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) 2018 च्या नियमावलीनुसार पदवी महाविद्यालयाच्या प्राचार्यासाठी मुख्य अटी अशा:

• पीएच.डी. पदवी
• प्राध्यापक किंवा सहयोगी प्राध्यापक हे पद
• अध्यापन-संशोधनाचा किमान 15 वर्षांचा अनुभव
• मान्यताप्राप्त नियतकालिकांत किमान 10 शोधनिबंध
• किमान 110 संशोधन गुण

नियुक्ती 5 वर्षांसाठी असते. कामाचे मूल्यमापन झाल्यावर आणखी 5 वर्षांची एक मुदत मिळू शकते. राज्य सरकारने 8 मार्च 2019 च्या शासन निर्णयाद्वारे ही नियमावली महाराष्ट्रात लागू केली.

नेट-सेट असताना पीएच.डी. कशाला?

सहायक प्राध्यापक म्हणून लागण्यासाठी नेट, सेट किंवा स्लेट पुरेशी आहे. 1 जुलै 2023 पासून या पदासाठी पीएच.डी. ऐच्छिक झाली. त्यामुळे 'आता पीएच.डी. कशाला?' असे अनेकांना वाटते. अडचण पुढच्या पायरीवर येते. पीएच.डी.शिवाय सहयोगी प्राध्यापक होता येत नाही आणि ते पद नसेल तर प्राचार्यपदासाठी अर्जच करता येत नाही.

रुजू होतानाच पीएच.डी. असेल, तर पदोन्नतीचे टप्पे 4, 5 आणि 3 वर्षांचे, म्हणजे एकूण 12 वर्षांचे. पीएच.डी. नसेल, तर पहिलाच टप्पा 6 वर्षांचा होतो आणि शेवटचा टप्पा पदवी मिळेपर्यंत अडतो.

कळीचा मुद्दा : कोणती वर्षे मोजली जातात?

घाईत निर्णय घेणारे इथेच फसतात. नियम तीन आहेत.

1. नोकरीत नसताना पूर्णवेळ पीएच.डी. केली, तर तो काळ अध्यापनाचा अनुभव धरला जात नाही.

2. शिकवत असताना, कोणतीही रजा न घेता पीएच.डी. केली, तर तो काळ अनुभवात धरला जातो.

3. कंत्राटी किंवा तात्पुरती सेवा मोजली जाते. पण त्या काळात नियमित सहायक प्राध्यापकाच्या एकूण मासिक वेतनापेक्षा कमी मोबदला मिळालेला नसावा, ही त्यातील एक अट आहे.

तिसरा नियम ग्रामीण भागाला सर्वांत जड जातो. तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर, तासाप्रमाणे मानधन मिळते. ते नियमित वेतनाएवढे होत नाही. त्यामुळे दहा वर्षे फळ्यासमोर उभे राहूनही कागदावर अनुभव शून्य राहू शकतो.

फेलोशिप की नोकरी?

नेट-जेआरएफधारकांना 1 जानेवारी 2023 पासून दरमहा 37 हजार रुपये मिळतात. राज्यात बार्टी, सारथी आणि महाज्योती या संस्था त्या-त्या समाजघटकांतील संशोधकांना फेलोशिप देतात. मात्र ही मदत पूर्णवेळ संशोधकांसाठी असते. म्हणजे फेलोशिप घेतली तर ती वर्षे अनुभवात नाहीत आणि नोकरी धरली तर फेलोशिप नाही.

नियमित नोकरी असेल, तर अर्धवेळ पीएच.डी. फायद्याची. सीएचबीवर असाल, तर ती वर्षे तशीही मोजली जाण्याची शक्यता कमी. अशा वेळी फेलोशिप मिळत असेल, तर पूर्णवेळ संशोधन करून लवकर मोकळे होणे बरे.

प्रवेश आणि मुदत

पीएच.डी.चे सध्याचे नियम 7 नोव्हेंबर 2022 चे आहेत.

• पात्रता : पदव्युत्तर पदवीला 55 टक्के. राखीव, दिव्यांग व आर्थिक दुर्बल घटकांना 5 टक्के सवलत.
• प्रवेश : 2024-25 पासून नेटचे गुण प्रवेशासाठी चालतात. जेआरएफ नसलेल्यांसाठी नेटला 70 आणि मुलाखतीला 30 टक्के भार. हे गुण वर्षभर वैध. विद्यापीठ स्वतःची 'पेट' घेते का, हे त्याच्या सूचनेत पाहावे.
• मुदत : किमान 3, कमाल 6 वर्षे. मुदतवाढीसह 8, महिला व 40 टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना 10 वर्षांपर्यंत. महिलांना 240 दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा.
• कोर्सवर्क : 12 ते 16 क्रेडिट.
• अर्धवेळ पीएच.डी. : संस्थेचे ना-हरकत प्रमाणपत्र हवे. कोर्सवर्कसाठी गरज पडल्यास कामातून मोकळीक देऊ, असे त्यात नमूद असावे लागते.

दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने पीएच.डी. करता येत नाही. 'घरबसल्या डॉक्टरेट' अशी जाहिरात दिसली, तर दूर राहा.

गाइड मिळेना, काय करावे?

प्राध्यापकाला एका वेळी 8, सहयोगी प्राध्यापकाला 6 आणि सहायक प्राध्यापकाला 4 विद्यार्थी घेता येतात. निवृत्तीला 3 वर्षांहून कमी काळ उरलेल्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही. म्हणून जागा जाहीर होण्याआधीच रिक्त जागांची चौकशी करावी. जालना जिल्ह्यातील महाविद्यालये डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न आहेत. तिथल्या संशोधन केंद्रांच्या यादीपासून सुरुवात करता येईल.

गुणांचा हिशेब

मानव्य शाखेत एकट्याने लिहिलेल्या शोधनिबंधाला 10 गुण मिळतात. म्हणजे 10 निबंधांचे 100 झाले, तरी 10 कमीच. विज्ञान शाखेत निबंधाला 8 गुण. दोघांनी मिळून लिहिला, तर प्रत्येकाला 70 टक्के. त्यामुळे पुस्तके आणि पीएच.डी. मार्गदर्शनाचे गुणही जोडावे लागतात. प्रबंधात 10 टक्क्यांपर्यंतचे साम्य चालते. 60 टक्क्यांवर गेल्यास नोंदणी रद्द होते.

कारभार कुठे शिकायचा?

मराठी, रसायनशास्त्र किंवा वाणिज्यातील पीएच.डी. अंदाजपत्रक करायला शिकवत नाही. प्राचार्य मात्र महाविद्यालय विकास समितीचा सदस्य-सचिव असतो. खर्च, पदभरती, विद्यार्थ्यांच्या तक्रारी, सगळे त्याच्या टेबलावर येते. यासाठी मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण कार्यक्रमात शैक्षणिक नेतृत्व व व्यवस्थापन हा विषय आहे. याच क्षेत्रात डॉक्टरेट करायची असेल, तर नवी दिल्लीच्या 'नीपा' या अभिमत विद्यापीठात शैक्षणिक नियोजन व प्रशासनात पूर्णवेळ आणि अर्धवेळ पीएच.डी. आहे.

शिक्षणशास्त्र किंवा व्यवस्थापन हा विषय असणाऱ्यांना आणखी एक संधी आहे. ग्रामीण महाविद्यालयांतील गळती, एसटीने ये-जा करणाऱ्या मुलींची हजेरी, कापूस वेचणीच्या काळात रिकामे पडणारे वर्ग हे संशोधनाचेच विषय आहेत. त्यावर केलेले काम पुढे प्राचार्याच्या खुर्चीतही उपयोगी पडते.

आज काय कराल?

नियुक्तीपत्र, विद्यापीठाची मान्यता आणि वेतनाच्या नोंदी एका फाइलमध्ये ठेवा. आपली कोणती वर्षे मोजली जातील, हे लेखी विचारा. यूजीसीने भरती नियमावलीचा नवा मसुदा जानेवारी 2025 मध्ये मांडला होता. त्यामुळे अर्ज भरताना त्या दिवशी लागू असलेले नियम नक्की पाहा.