जुन्या जीपसाठी इंजिन निवडताना

मोटार दुरुस्तीच्या आणि जुन्या सुट्या भागांच्या धंद्यात आपले बरेच बांधव आहेत. जुनी पेट्रोल जीप घेऊन गिऱ्हाईक येते आणि म्हणते, 'उस्ताद, हिला डिझेल इंजिन बसवून द्या.' काम कमाईचे आहे, पण इंजिन चुकीचे निवडले तर कमाई जाते, गिऱ्हाईक जाते आणि नावही जाते. म्हणून इंजिन विकत घेण्यापूर्वी चार गोष्टींचा विचार करावा.

पहिली गोष्ट वेगाची. महिंद्रच्या विलीज बनावटीच्या जुन्या पेट्रोल जीपमध्ये क्राऊन-पिनियनचे प्रमाण साधारणपणे ५.३८ असते. सोळा इंची चाक एका फेऱ्यात अंदाजे २.२ मीटर जाते. ताशी ६० किलोमीटर म्हणजे मिनिटाला १००० मीटर. त्यासाठी चाकाचे सुमारे ४५५ फेरे होतात आणि टॉप गिअरमध्ये इंजिनाचे जवळजवळ २४५० फेरे. पेट्रोल इंजिनाला हे जड नाही. पण ट्रॅक्टरचे डिझेल इंजिन बहुधा २००० फेऱ्यांच्या आसपास चालण्यासाठी बनवलेले असते. ते बसवले तर गाडी ताशी ४९ किलोमीटरच्या फारशी पुढे जाणार नाही. ओढ भरपूर मिळेल, वेग मिळणार नाही. शेतावर चालवणाऱ्याला हे चालेल, हायवेवर जाणाऱ्याला नाही. म्हणून गाडी कशासाठी हवी, हे आधी विचारावे. क्राऊन-पिनियन बदलायचे ठरले तर पुढचे आणि मागचे दोन्ही सारख्याच प्रमाणाचे घ्यावे. नाही तर फोर-व्हील लावताच गाडी अडकते आणि दात तुटतात.

दुसरी गोष्ट मापाची. बेल हाऊसिंग, क्लच प्लेट, माउंटिंग, ऑइल चेंबर आणि पुढचा एक्सल यांची मापे आधी कागदावर घ्यावीत. डिझेल इंजिन वजनाने जड असते. त्यामुळे पुढचे पाटे मजबूत करावे लागतात, ब्रेक तपासावे लागतात, रेडिएटरही पुरेसा मोठा लागतो. फार जुन्या काही जीपची वायरिंग ६ व्होल्टची असते. ती १२ व्होल्टची करावी लागते. हा सगळा खर्च दर सांगतानाच धरावा.

तिसरी गोष्ट इंजिनाच्या तब्येतीची. मुंबईत कुर्ल्यासारख्या बाजारात इंजिन घेताना बाहेरच्या रंगावर जाऊ नये. ते थंड असताना चालू करायला सांगावे. ऑइल भरण्याच्या तोंडातून जोराचा धूर येत असेल, म्हणजे बॅक कॉम्प्रेशन असेल, तर रिंगा किंवा लायनर झिजले आहेत असे समजावे. प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजावे. एक सिलिंडर इतरांपेक्षा फार कमी असेल तर ओव्हरहॉलचा खर्च धरूनच भाव करावा. ऑइलवर दुधासारखा फेस दिसला तर पाणी आत जात आहे.

चौथी गोष्ट कागदाची. हिच्याकडे दुर्लक्ष केल्यास सर्वांत मोठे नुकसान होते. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ खाली मूळ कंपनीच्या नोंदीपासून वेगळा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली. इंजिन बदलण्यापूर्वी आरटीओची लेखी परवानगी गिऱ्हाइकाने आणावी आणि तिची प्रत आपल्याकडे ठेवावी. पेट्रोलच्या जागी डिझेल बसवण्यास परवानगी मिळेलच असे धरू नये. मिळाली नाही तर त्याच जातीचे पेट्रोल इंजिन ओव्हरहॉल करून देणे हा सरळ मार्ग आहे. इंजिन घेताना विकणाऱ्याकडून पक्के बिल घ्यावे. त्यावर इंजिन नंबर आणि ते कोणत्या गाडीतून निघाले हे लिहून घ्यावे. नंबर घासलेला दिसला तर इंजिन फुकट मिळाले तरी घेऊ नये. चोरीच्या गाडीचे निघाले तर पोलीस आधी आपल्याच दुकानात येतात.

शेवटी एक गोष्ट. मालातला दोष लपवून विकणे आपल्या दीनमध्ये मना आहे. इंजिनात जी उणीव असेल ती गिऱ्हाइकाला आधीच सांगावी आणि बिलावर लिहावी. एखादे काम हातचे जाईल, पण ज्याला खरे सांगितले तो आणखी चार गिऱ्हाइके घेऊन येतो.