सादाकोची चाल

'रिंगू' या जपानी भयपटातली भूत झालेली सादाको टीव्हीकडे येते, तेव्हा तिची चाल इतकी विचित्र का वाटते? १९९८ साली दिग्दर्शक हिदेओ नाकाता यांनी साधी युक्ती केली. अभिनेत्रीला मागे मागे चालायला लावलं आणि ते चित्रण उलटं फिरवलं. पावलं पुढे पडतात, पण अंगाचा तोल मागे जाणाऱ्या माणसाचा. रक्ताचा थेंब नाही, तरी मी तो प्रसंग आजही दिवा लावूनच बघतो.

भूत मात्र जुनं आहे. १८२५ साली एदोत, म्हणजे आजच्या तोक्योत, त्सुरुया नान्बोकू यांचं 'योत्सुया काइदान' हे काबुकी नाटक आलं. विषानं चेहरा विद्रूप झालेली ओइवा केस विंचरायला बसते आणि फणीबरोबर केसांचे पुंजकेच्या पुंजके गळून येतात. नोबुओ नाकागावांनी १९५९ मध्ये ते रंगीत पडद्यावर आणलं. माझ्या मते ओइवा पाहावी तर तिथेच. मोकळे काळे केस, प्रेताला नेसवतात तशी पांढरी वस्त्रं, हा वारसा सादाकोकडे अशाच भुतांकडून आला. १९६४चा 'ओनिबाबा' हा चित्रपट वेगळ्या वाटेचा: त्यात भुतापेक्षा भुकेली माणसंच भयंकर.

आणि हो, जपानात या भुताखेतांच्या गोष्टींचा हंगाम ऐन उन्हाळ्याचा. अंगावर शहारा आला की तेवढंच गार वाटतं म्हणे!